मिठाच्या विहिरी, रेडियमचा गाळ

बुकर टी. वॉशिंग्टन यांचे ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ हे १९०१ सालचे आत्मचरित्र आम्ही दोघेही आपापल्या महाविद्यालयांत एम.ए.च्या विद्यार्थ्यांना दलित आत्मकथनांच्या जोडीने वाचायला सांगतो. आम्हांपैकी एक अकोल्यात शिकवतो, दुसरा अमरावतीत. त्या पुस्तकातील एक तपशील दोन्हीकडच्या वर्गांत हमखास लक्षात राहतो. गुलामगिरी संपल्यावर, १८६५ साली, हे कुटुंब डोंगर ओलांडून वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन या गावी आले. सावत्र वडील मिठाच्या भट्टीवर कामाला होते. मुलगाही तेथेच लागला. दिवसभरात भरलेल्या पिंपांवर संध्याकाळी मुकादम ज्याचा त्याचा आकडा टाकीत असे. सावत्र वडिलांचा आकडा होता १८. अक्षरांची ओळख नसलेल्या त्या मुलाने आयुष्यात सर्वप्रथम वाचायला शिकले ते हे दोन अंक.

दोन वर्षांपूर्वी हा भाग चालू असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मीठ म्हणता, पण तिथं समुद्र होता का?” नव्हता. समुद्रापासून दूर, डोंगरांनी वेढलेला मुलूख तो. मीठ जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून काढत. “मंग आपल्या दहीहांड्यावानी,” तो मुलगा म्हणाला. वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण ते वाक्य मनातून जाईना. त्याचा मागोवा घेत आम्ही जेथवर पोचलो त्याची ही हकीकत. ती अमेरिकेतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातील किरणोत्सारी गाळापर्यंत जाते, याचे आम्हांलाही प्रारंभी आश्चर्यच वाटले होते.

आधी घरचे सांगू. गाविलगडाच्या डोंगराच्या दक्षिणेला पूर्णा नदीचे खोरे पसरले आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील सुमारे ९०० गावे या खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात मोडतात. वर काळीभोर, खोल, कापसाची जमीन आणि खाली नदीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर. त्या थरांतले पाणी खारट. विहीर खोदली तर पाणी लागते. पण ते पिता येत नाही आणि पिकाला दिले तर वावर चिबडते. बाहेरगावच्या माणसाला हे पटत नाही. पाण्याचा दुष्काळ त्याला समजतो. पाणी असून असलेला दुष्काळ समजत नाही. आम्हांपैकी एकाचे बालपण दर्यापूर तालुक्यात गेले. तेथे मुलगी देताना आधी गावच्या पाण्याची चौकशी करीत, जमिनीची नंतर.

याच पाण्यापासून एकेकाळी मीठ बनत असे. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० साली निघाले. त्या पिढीच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनात पूर्णाकाठच्या मिठाच्या विहिरींचा उल्लेख येतो आणि दहीहांड्याचे नाव त्यांत प्रामुख्याने असते. खोल विहीर, तिच्यातून उपसलेले खारे पाणी, उथळ वाफे आणि वैशाखाचे ऊन. पुढे इंग्रजी अमलात हे उत्पादन बंद झाले. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, तेव्हा मिठावरचा कर हा कंपनी सरकारच्या महसुलाचा एक मोठा आधार होता. हा कर बुडू नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची सीमा आखण्यात आली होती व तिच्यावर काटेरी झाडांचे कुंपण वाढवण्यात आले होते. रॉय मॉक्सहॅम यांच्या पुस्तकामुळे ती हकीकत मराठी वाचकांस परिचित आहे. ती सीमा आमच्या शेजारच्या बऱ्हाणपुरावरून जात होती. १८७९ साली कुंपण मोडीत निघाले. १८८२ च्या कायद्याने मिठाची मक्तेदारी मात्र अधिक पक्की झाली. अशा व्यवस्थेत गावच्या विहिरीतले मीठ गावच्याच माणसाने काढणे हा गुन्हा ठरला. मीठ कालचेच होते, विहीरही कालचीच. बदलले ते एवढेच की, कालपर्यंत ज्याला माल म्हणत त्याला कायद्याने चोरीचा माल म्हटले.

म्हणूनच १९३० साली वऱ्हाडला समुद्राची वाट पाहावी लागली नाही. दांडीनंतर आठवडाभरात, १३ एप्रिलला, दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरीचे पाणी उकळून मीठ तयार करण्यात आले. अमरावती जिल्ह्यात भामोद येथेही असाच सत्याग्रह झाला. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी, अमरावतीचे नाटककार वीर वामनराव जोशी ही त्या काळच्या वऱ्हाडी चळवळीतील पुढारी माणसे. शालेय पुस्तकांत या घटनेला एक ओळ मिळते. पण त्या ओळीत जी गोष्ट येत नाही ती आम्हांला महत्त्वाची वाटते. सत्याग्रहींनी त्या दिवशी जे चिमूटभर मीठ काढले, त्याच्याशी त्या गावांची ओळख निदान दोन-तीन पिढ्यांची होती. ते प्रतीक नंतर झाले; आधी तो बंद पडलेला धंदा होता.

आता माल्डनकडे वळू. तेथली कनावा नदीची दरी खाऱ्या झऱ्यांसाठी मूळ रहिवाशांना ठाऊक होती. डेव्हिड आणि जोसेफ रफ्नर या भावांनी झऱ्याच्या तळाशी असलेल्या खडकात भोक पाडून अधिक खारे पाणी मिळवण्याचा घाट घातला. अठरा महिन्यांच्या खटपटीनंतर १८०८ च्या जानेवारीत त्यांची ५८ फूट खोल विहीर पुरी झाली. छिद्र पाडणारी लोखंडी छिन्नी दोरावर टांगून वरखाली आपटायची, आणि वरचे गोडे पाणी आत येऊ नये म्हणून पोकळ लाकडी नळी बसवायची, अशी त्यांची साधी युक्ती होती. पुढच्या चाळीस वर्षांत त्या दरीत मिठाच्या भट्ट्यांची रांग उभी राहिली. त्या भट्ट्यांवर राबणारे बहुतेक हात गुलामांचे होते, आणि त्यांतले पुष्कळसे दूरच्या मालकांकडून भाड्याने आणलेले. वॉशिंग्टन यांचे सावत्र वडील गुलाम असतानाच या भट्ट्यांवर आले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना. त्या अर्पणपत्रिकेमागे कापसाचे मळे उभे असतात अशी आमची समजूत होती. मिठाच्या भट्ट्याही तेथे होत्या हे आम्हांला उशिरा कळले.

या भट्टीवाल्यांना एक त्रास होता. विहिरीतून खाऱ्या पाण्याबरोबर कधीकधी तेल येई. तेल मिठाची चव बिघडवी. मग ते नदीत सोडून देत. म्हणजे त्या काळी मीठ हा माल आणि खनिज तेल हा कचरा. पेनसिल्व्हेनियात सॅम्युअल कीअर नावाच्या गृहस्थांनी आपल्या मिठाच्या विहिरीतले हे उपद्रवी तेल बाटल्यांत भरून औषध म्हणून विकून पाहिले. १८५९ साली एडविन ड्रेक यांनी टायटसव्हिल येथे केवळ तेलासाठी विहीर खणायचे ठरवले, तेव्हा त्यांना कारागीर हवा होता. त्यांनी बोलावला तो मिठाच्या विहिरी खणणारा एक लोहार, विल्यम स्मिथ. तेलविहिरींच्या त्या प्रसिद्ध इतिहासाचा आरंभ मिठाच्या कारागिराच्या हातून झाला. आणि तेथून पारडे फिरले. आता तेल हा माल झाला, आणि त्याच्याबरोबर वर येणारे खारे पाणी हा कचरा. पाणी तेच, खडक तोच, भोक पाडण्याची रीतही बरीचशी तीच. कचरा हा पदार्थाचा गुण नसतो, ते त्याला दिलेले पद असते, असे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा विद्यार्थी आम्ही सोस्यूरबद्दल बोलत आहोत असे समजतात. समजोत बापडे.

या पाण्याला तिसरे पदही एकदा मिळाले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी रेडियम ही जगातील सर्वांत महाग वस्तूंपैकी एक होती. १९२१ साली अमेरिकन स्त्रियांनी वर्गणी काढून मारी क्यूरी यांना एक ग्रॅम रेडियम भेट दिले, त्याची किंमत एक लाख डॉलर होती. रशियाच्या उत्तरेला, उख्ता नदीच्या परिसरात, तेलासाठी पाडलेल्या विहिरींतून आलेल्या खाऱ्या पाण्यात रेडियम सापडले. १९३१ पासून तेथे पाण्यातून रेडियम काढण्याचा उद्योग सुरू झाला आणि तो १९५६ पर्यंत चालला. श्रम कैद्यांचे. त्या वसाहतीचे नावच मुळी वोद्नी, म्हणजे पाण्याची. रशियन ‘वदा’ आणि आपले ‘उदक’ ही एकाच कुळातली. भाषाशास्त्राच्या तासाला हे उदाहरण आता आम्ही देतो, पण त्यामागची छावणी सांगितल्याशिवाय देत नाही. एकीकडे अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरणाऱ्या मुली ब्रश ओठांत धरून टोकदार करीत आणि हाडे कुजून मरत होत्या. दुसरीकडे ते रेडियम खाऱ्या पाण्यातून थेंबाथेंबाने गोळा करण्यासाठी माणसे डांबली जात होती. रसायनदृष्ट्या रेडियम हे कॅल्शियमचे भाऊबंद आहे. म्हणून शरीर त्याला ओळखायला चुकते आणि हाडात जागा देते.

हे रेडियम खाऱ्या पाण्यात येते कोठून? प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या काळ्या, सेंद्रिय चिखलाने पाण्यातले युरेनियम धरून ठेवले. त्या चिखलाचा खडक झाला. युरेनियमचा ऱ्हास होत रेडियम तयार झाले, आणि खडकाच्या फटींत अडकलेल्या अतिशय खारट पाण्यात ते विरघळून राहिले. खडक जितका काळा आणि पाणी जितके खारट, तितके रेडियम जास्त, असा ढोबळ हिशेब. पेनसिल्व्हेनिया व वेस्ट व्हर्जिनियाखाली पसरलेला मार्सेलस हा असा एक खडक आहे. त्याचे वय सुमारे ३९ कोटी वर्षे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यातला वायू काढण्याची फ्रॅकिंगची पद्धत तेथे रूढ झाली. विहीर खोलवर नेऊन आडवी वळवायची, प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि रसायने सोडून खडक तडकवायचा आणि वायू मोकळा करायचा. वायूबरोबर पाणी परत येते. काही घातलेले, काही खडकाच्या पोटातले. अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०११ साली मार्सेलसच्या अशा पाण्यातील रेडियमची मध्यक पातळी लिटरमागे २४६० पिकोक्यूरी असल्याचे नोंदवले. पिण्याच्या पाण्याची तेथील मर्यादा आहे ५.

येथे कायद्याचा भाग येतो, आणि वऱ्हाडातल्या माणसाला तो ओळखीचा वाटावा. लव्ह कनाल या वस्तीखाली पुरलेली रसायने १९७८ साली वर आल्यावर अमेरिकेत घातक कचऱ्याविषयी मोठी खळबळ माजली. १९८० च्या डिसेंबरात जुन्या विषारी जागा साफ करण्याचा, सुपरफंड या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, दोन महिने आधी, आणखी एक दुरुस्ती झाली होती. तिने तेल आणि वायू काढताना निघणारा कचरा घातक कचऱ्याच्या कठोर नियमांतून तूर्त वगळला. १९८८ साली तेथील पर्यावरण संस्थेने ही सूट कायम केली. याचा अर्थ असा नव्हे की तो कचरा तपासून निरुपद्रवी ठरला. त्याला ‘घातक’ हे नाव द्यायचे नाही एवढे ठरले. आमच्याकडे कायद्याने निरुपद्रवी मिठाला गुन्हा म्हटले. त्यांच्याकडे कायद्याने विषारी खाऱ्या पाण्याला काहीच म्हटले नाही. या उद्योगाच्या बोलीत त्याला साधे ‘ब्राइन’ म्हणतात. लोणच्याच्या बरणीतल्या पाण्यालाही इंग्रजीत तोच शब्द आहे. काही राज्यांत असे पाणी हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून आणि उन्हाळ्यात धूळ बसावी म्हणून रस्त्यांवर शिंपडले गेले.

रोज लाखो लिटर निघणाऱ्या या पाण्याचे करायचे काय, या प्रश्नाला जी उत्तरे निघाली त्यांतले एक म्हणजे प्रक्रिया केंद्रे. पाण्यात सल्फेट घातले की बेरियमचा साका खाली बसतो आणि त्याला चिकटून रेडियमही बसते. पाणी हलके होते, गाळ जड होतो. पेनसिल्व्हेनियात असे पाणी ओढ्यात सोडले जाई. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ब्लॅकलिक नावाच्या ओढ्याचा गाळ तपासला, तेव्हा केंद्राच्या सांडपाण्याच्या तोंडाशी असलेल्या गाळात वरच्या अंगाच्या तुलनेत रेडियम सुमारे २०० पट आढळले. पाण्यातून रेडियम बऱ्याच प्रमाणात काढले जात होते, हे त्याच अभ्यासाने दाखवले. उरलेले थोडेसे रोज ओढ्यात जात होते आणि ओढा ते साठवत होता.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाकांक्षी होते. पाणी ओढ्यात सोडायचेच नाही. ते आटवायचे, वाफेचे शुद्ध पाणी करायचे, आणि उरलेले मीठ विकायचे. वेस्ट व्हर्जिनियातील मॅरियन परगण्यात, मनाँगहेला नदीच्या बाजूला असलेल्या फेअरमाँट या गावी असे केंद्र फ्रॅकिंगच्या तेजीच्या काळात चालू होते. जुन्या कोळसा खाणींचा हा मुलूख. १९०७ साली ३६० हून अधिक खाणकामगार ज्या स्फोटात मेले ते मनाँगा गाव याच परगण्यात आहे. खाऱ्या पाण्याच्या टाक्या, आटवणारी यंत्रे, गाळाची तळी. कनावाच्या भट्ट्यांचीच ही नवी आवृत्ती म्हणायची. त्याच राज्यात दोनशे वर्षांनी पुन्हा जमिनीखालचे खारे पाणी आटवून मीठ काढले जात होते. फरक असा की आता मीठ हे निमित्त होते आणि पाण्याची विल्हेवाट हा धंदा. पाणी आणून टाकणाऱ्याकडून पैसे मिळत, आणि ज्या दिवशी पाणी यायचे थांबेल त्या दिवशी उत्पन्नही थांबेल, अशी त्याची रचना.

२०१७ साली केंद्र बंद पडले. मालक निघून गेले, गाळ राहिला. टाक्यांत, तळ्यांत, यंत्रांच्या पोटात. पुढची वर्षे ती जागा जवळजवळ उघडी होती. २०२३ साली जस्टिन नोबेल या पत्रकाराने प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार गावातली तरुण मुले तेथे रात्री जमत आणि भिंतींवर रंगाने चित्रे काढत. त्याच वर्षी मे महिन्यात तेथे स्फोट होऊन आग लागली. त्यानंतर पर्यावरण संस्थेने आणीबाणीचे काम म्हणून जागेचा ताबा घेतला. पहारा बसला, नमुने घेतले गेले, रेडियम असल्याची पुष्टी झाली आणि सफाईला आरंभ झाला. सहा वर्षे जे स्थळ ओसाड कारखाना होते ते एका आगीमुळे किरणोत्सारी स्थळ झाले. गाळ मात्र आधीच्या रात्रीही तोच होता.

सफाई म्हणजे प्रत्यक्षात काय, येथे थोडे थांबावेसे वाटते. कारण हा शब्द आम्ही वऱ्हाडी माणसे फार जिव्हाळ्याने वापरतो. आमच्याकडे सफाईचे नाव घेतले की गाडगेबाबा उभे राहतात. शेंडगावात जन्मलेला, दापुऱ्यात गुरे राखलेला हा माणूस पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या जत्रेत खराटा घेऊन उतरला. बाबांच्या सफाईला एक सरळ तर्क होता. घाण गावाने केली, ती गावाने उचलावी, आणि उचलली की ती संपते, म्हणजे मातीत मिसळून खत होते. खराट्याचा सारा नीतिविचार या ‘मिसळून जाण्या’वर उभा आहे. रेडियमच्या बाबतीत तो उभा राहत नाही. किरणोत्सार जाळून जात नाही, धुऊन जात नाही, कोणत्याही रसायनाने मरत नाही. करता येते ते इतकेच: कोठे किती आहे हे यंत्राने शोधायचे, गाळ उपसायचा, सिमेंट किंवा राखेसारखे काही घालून घट्ट करायचा, पिंपांत वा अस्तर लावलेल्या पेट्यांत भरायचा आणि परवाना असलेल्या दूरच्या खड्ड्यात नेऊन ठेवायचा. सफाई म्हणजे स्थलांतर. रेडियम-२२६ चे अर्धे आयुष्य १६०० वर्षे आहे. सोळाशे वर्षांपूर्वी वाशीमला वाकाटकांची वत्सगुल्म शाखा राज्य करीत होती. त्यांच्या काळी कोणी रेडियम पुरून ठेवले असते तर त्यातले निम्मे आज शिल्लक असते, आणि ते कोठे पुरले हे सांगणारा ताम्रपट बहुधा सापडला नसता.

शिवाय खड्ड्यावर पाऊस पडतो. खड्ड्यातून झिरपलेले पाणी पुन्हा कोठेतरी प्रक्रियेला न्यावे लागते. पेनसिल्व्हेनियात बेल व्हर्नन नावाच्या गावाच्या सांडपाणी केंद्राकडे अशाच एका कचराभूमीचे झिरपपाणी येत होते. ते केंद्र नासू लागले तेव्हा २०१९ साली न्यायालयात जाऊन ते थांबवावे लागले. पाणी खडकातून निघाले, केंद्रात गेले, गाळ झाले, खड्ड्यात गेले, पुन्हा पाणी झाले आणि पुन्हा केंद्राच्या दारात आले. हे दूरदेशीचेच आहे असेही नाही. भोपाळच्या कारखान्यातला सुमारे ३३७ टन कचरा, दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीच्या आरंभी रात्रीच्या वेळी बारा कंटेनरांतून धार जिल्ह्यातील पिथमपूरला नेण्यात आला आणि जूनअखेर जाळून झाला. चुना वगैरे मिसळावे लागल्याने मागे उरलेली राख मूळ कचऱ्याच्या दुपटीहून अधिक भरली. पिथमपूरच्या लोकांनी विरोध केला तेव्हा काही वर्तमानपत्री लेखांत त्यांना अडाणी ठरवण्यात आले. आम्हांला त्यांचा प्रश्न अडाणी वाटला नाही. भोपाळ साफ झाले म्हणजे कोण मळले, एवढेच ते विचारत होते.

पैसा कोणाचा, हा फेअरमाँटमधला दुसरा प्रश्न. सुपरफंडाच्या कायद्याचे तत्त्व आहे की ज्याने घाण केली त्याने भरावे. पण घाण कोणाची? केंद्राची, की ज्यांच्या विहिरींतून ते पाणी आले त्या वायू कंपन्यांची, की वायू जाळून घर उबदार ठेवणाऱ्यांची? आमच्या ऋणमोचनाला पौषातल्या रविवारी लोक पूर्णेत स्नान करतात आणि ऋणातून सुटतात अशी श्रद्धा आहे. ऋण फेडणे आणि ऋणातून सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या गावाच्या नावातच आहे. बुडीत निघालेली कंपनी ऋणातून सुटते. फेडायचे मागे राहते.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर उद्या कोणी आमच्या नावावर भलतेच खपवील. पूर्णेच्या खोऱ्यातले खारे पाणी मार्सेलसचे पाणी नव्हे. ते नदीच्या गाळातले, त्या मानाने कालपरवाचे पाणी आहे आणि त्याची तक्रार क्षारांची, सोडियमची आहे, किरणोत्साराची नव्हे. साम्य पाण्याच्या घटकांत नाही, माणसाच्या व्यवहारात आहे. खारपाणपट्ट्यातल्या गावांना वाण आणि शहानूर या धरणांवरून गोडे पाणी देण्याच्या योजना झाल्या. अकोल्याकडची ‘८४ खेडी योजना’ तर गावोगावच्या बोलण्यात मुरलेली आहे. नळाला पाणी रोज येत नाही. मूत्रपिंडाच्या आजाराची धास्ती घराघरांत आहे. तेव्हा जागोजागी आरओची यंत्रे बसली. वीस लिटरचा कॅन भरून मिळतो. हे यंत्र म्हणजे फेअरमाँटचे अगदी लहान, निरुपद्रवी भावंड. आत गेलेल्या खाऱ्या पाण्याचे दोन भाग होतात, एक गोडा आणि एक अधिक खारा. गोडा कॅनमध्ये जातो. खारा जातो यंत्रामागच्या नळीतून नालीत. आम्ही दोघांनी मागच्या उन्हाळ्यात दर्यापूर ते दहीहांडा या वाटेवरच्या काही गावांत थांबून मुद्दाम मागे जाऊन पाहिले. प्रत्येक ठिकाणी नळीच्या तोंडाशी पांढरी खपली धरलेली होती, आणि नालीच्या कडेचे गवत जळलेले. यंत्र चालवणाऱ्या एका पोराला विचारले, हे पाणी जाते कोठे? तो म्हणाला, “जात नाही सर, तिथंच मुरते.” कायद्यात या पाण्यालाही नाव नाही. गावात त्याला ‘वेस्टेज’ म्हणतात.

वर्गातल्या त्या मुलाचे सांगायचे राहिले. त्याने दहीहांड्याजवळच्या आपल्या गावातील शेतातल्या पडक्या विहिरीचे एक घागर पाणी घरच्या चुलीवर आटवून पाहिले, कारण बुकर वॉशिंग्टनवर त्याला निबंध लिहायचा होता. गंजाच्या तळाशी राखाडी, कडवट खरवड उरली. कागदाच्या पुडीत बांधून ती त्याने आमच्या टेबलावर आणून ठेवली. आम्ही बोट लावून चाखली; मिठाची म्हणावी अशी ती चव नव्हती. बाकीचे काय केलेस, असे विचारले. तो म्हणाला, आईने गंज खरडून काढला आणि खरवड हातात घेऊन किती तरी वेळ उभी राहिली. उकिरड्यावर टाकली तर खत बिघडेल, धुऱ्यावर टाकली तर तूर जळेल, विहिरीत टाकली तर पुन्हा तेच. मग तिने ती एका जुन्या डब्यात भरली आणि डबा माळ्यावर ठेवून दिला.

निबंधाला आम्ही चांगले गुण दिले. डबा अजून माळ्यावरच आहे.